'डच पॅलेस' डचांनी बांधलाच नाही! कोची फिरायला जाताय? मग आधी या नावांमागच्या गोष्टी वाचा

कोची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच फोटो येतो. केशरी आकाश, संथ पाणी आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली ती मोठमोठी मासेमारीची जाळी. इन्स्टाग्रामवर केरळचा एकही रील या जाळ्यांशिवाय पूर्ण होत नाही.

पण जुनं कोची म्हणजे फक्त हा फोटो नाही. फोर्ट कोची आणि त्याला लागून असलेलं मट्टनचेरी, या दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात पाचशे वर्षांचा इतिहास दाटीवाटीनं बसला आहे. आणि इथे फिरताना एक गंमत लक्षात येते. इथल्या ठिकाणांची नावं एक सांगतात आणि इतिहास दुसरंच सांगतो.

फोर्ट कोचीत फोर्ट नाही. डच पॅलेस डचांनी बांधलेला नाही. वास्को द गामाच्या थडग्यात वास्को द गामा नाही. ज्यू टाउनमध्ये ज्यू जवळपास उरलेले नाहीत. आणि 'चायनीज' जाळी नक्की कोणी आणली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

या नावांच्या मागे काय आहे हे आधी माहीत असेल, तर कोचीची ट्रिप नुसती फोटो काढण्यापुरती राहत नाही. चला तर मग, एकेक ठिकाण बघूया.

आधी थोडं शहराबद्दल

प्राचीन काळी केरळच्या या किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं बंदर कोची नव्हतंच. ते होतं मुझिरिस, म्हणजे आजच्या कोडुंगल्लूरच्या परिसरातलं बंदर. रोमन जहाजं मिरी न्यायला तिथे यायची. असं मानलं जातं की १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, मुझिरिसचं बंदर गाळानं भरलं आणि दक्षिणेला कोचीजवळ समुद्राचं तोंड मोकळं झालं. एका बंदराचा शेवट झाला आणि दुसऱ्याचा जन्म.

डिसेंबर १५०० मध्ये पेद्रू आल्व्हारिश काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी कोचीत पोहोचला. तेव्हा कोचीचा राजा आणि कालिकतचा झामोरिन यांचं हाडवैर होतं. पोर्तुगीजांचंही झामोरिनशी बिनसलेलं होतं. शत्रूचा शत्रू तो मित्र, या न्यायानं कोचीच्या राजानं पोर्तुगीजांना जवळ केलं. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतलं आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांकडून. या तिघांच्या खुणा आज एकमेकींवर थर लावल्यासारख्या दिसतात.

फोर्ट कोची : किल्ला गेला, नाव राहिलं

१५०३ मध्ये झामोरिननं कोचीवर हल्ला केला आणि राजाला वैपीन बेटावर आसरा घ्यावा लागला. पोर्तुगीज मदतीला आले, झामोरिनचं सैन्य मागे हटलं. याची परतफेड म्हणून राजानं पोर्तुगीजांना किल्ला बांधायची परवानगी दिली. पोर्तुगालचा राजा मानुएल याच्या नावावरून त्याला फोर्ट इमॅन्युएल म्हटलं गेलं. युरोपियनांनी भारतात बांधलेला हा पहिला किल्ला.

पुढे डचांनी शहर आणि तटबंदी दोन्ही आटोपशीर केली आणि १८०६ च्या सुमारास इंग्रजांनी तट आणि बुरूज पाडून टाकले. त्यामुळे सिंधुदुर्ग किंवा जंजिऱ्यासारखं काही बघायला मिळेल या अपेक्षेनं इथे गेलात, तर निराशा होईल. किनाऱ्यावर बांधकामाचे काही तुकडे आहेत. डचांच्या एका बुरुजाच्या जागी १६६७ साली बांधलेला बॅस्टियन बंगलो मात्र अजून उभा आहे.

सेंट फ्रान्सिस चर्च : रिकामं थडगं

बाहेरून अगदी साधं वाटणारं हे चर्च भारतातल्या सर्वांत जुन्या युरोपियन चर्चपैकी एक आहे. १५०३ मध्ये इथे लाकडी प्रार्थनाघर होतं, १५१६ च्या सुमारास विटांचं चर्च पूर्ण झालं. पोर्तुगीजांच्या काळात ते कॅथलिक होतं, डचांनी ते प्रोटेस्टंट केलं आणि इंग्रजांच्या काळात ते अँग्लिकन झालं. आज ते चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे. इमारत तीच, सत्ता बदलली की प्रार्थनेची पद्धत बदलली.

वास्को द गामा १५२४ मध्ये व्हाइसरॉय म्हणून तिसऱ्यांदा भारतात आला आणि काही महिन्यांतच, २४ डिसेंबर १५२४ रोजी, कोचीत वारला. त्याला याच चर्चमध्ये पुरलं. पण साधारण चौदा-पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. आज कठडा घातलेली जी शिळा पर्यटक वाकून वाकून बघतात, ती फक्त जागेची खूण आहे.

इथे गेल्यावर दोन गोष्टी चुकवू नका. एक, भिंतींना लावलेल्या जुन्या पोर्तुगीज आणि डच कबरींच्या शिळा. दुसरी, छताला टांगलेले कापडी पंखे. यांची दोरी भिंतीतून बाहेर जाते. बाहेर बसलेला माणूस दोरी ओढायचा आणि आत प्रार्थनेला बसलेल्या साहेबांना वारा लागायचा.

जवळच १७२४ मधली डच दफनभूमी आहे. तिथे १०४ कबरी आहेत. फाटक बहुतेक वेळा बंद असतं, त्यामुळे अनेकांना ती बाहेरूनच बघावी लागते.

सांता क्रूझ बॅसिलिका

पांढऱ्याशुभ्र मनोऱ्यांचं हे चर्च जुनं वाटतं, पण सध्याची इमारत १९०५ मधली आहे. मूळ पोर्तुगीज चर्च डचांनी पाडलं नाही, शस्त्रं ठेवायला वापरलं. ते पाडलं इंग्रजांनी. त्याचा एक दगडी खांब आवारात जपून ठेवला आहे. आतली रंगीत चित्रं अंतोनियो मोस्केनी या इटालियन चित्रकारानं केली. १९०५ मध्येच कोचीत त्याचा मृत्यू झाला.

चायनीज जाळी : चीनहून की मकाऊहून?

मल्याळममध्ये यांना 'चीन वला' म्हणतात. वला म्हणजे जाळं. लोकप्रिय समजूत अशी की चिनी नौदलप्रमुख झेंग ह याच्या जहाजांबरोबर ही जाळी पंधराव्या शतकात इथे आली. काही जण तर थेट कुबलाई खानाच्या काळापर्यंत मागे जातात. दुसरं मत असं की चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाऊमध्ये राहिलेल्या पोर्तुगीजांनी ती इकडे आणली. त्यासाठी दिला जाणारा पुरावा रंजक आहे : जाळ्याच्या काही भागांची स्थानिक नावं पोर्तुगीज शब्दांवरून आल्याचं दिसतं.

जाळं कोणीही आणलेलं असो, त्याचं तंत्र बघण्यासारखं आहे. किनाऱ्यावर सुमारे १० मीटर उंचीचा लाकडी सांगाडा आणि त्याच्या टोकाला साधारण २० मीटर रुंदीचं जाळं. एक माणूस मुख्य वाशावरून चालत पुढे गेला की त्याच्या वजनानं जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं थांबून चार-सहा जण दोऱ्या ओढतात आणि जाळं वर येतं. ते सहज उचललं जावं म्हणून दुसऱ्या बाजूला दोरांना मोठमोठे दगड टांगलेले असतात. आपल्याकडच्या जुन्या तराजूचंच तत्त्व. सगळा खेळ तोल सांभाळण्याचा.

आता खरी अडचण. एका खेपेला मिळणारी मासळी मूठभरच असते. यांत्रिक बोटींनी समुद्रातच मासे धरले की किनाऱ्यापर्यंत फार काही येत नाही. सागवानी वासे महाग, म्हणून कुठे कुठे लोखंडी पाइप लावलेले दिसतात. मीठ, पाऊस आणि लाटा यांमुळे सतत दुरुस्ती लागते. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर अशा जाळ्यांची संख्या घटत गेली आहे, ती त्यामुळेच.

म्हणून फुकट फोटो काढून निघून जाण्यापेक्षा तिथल्या माणसांशी दोन शब्द बोला. दोरी ओढायला बोलावलं तर जा, पण आधी पैसे विचारा आणि ठरलेले द्या. शेजारच्या स्टॉलवरून ताजी मासळी घेऊन जवळच्या खानावळीत करून घेण्याची पद्धत इथे जुनी आहे. गर्दी नको असेल, तर वाहनांसकट नेणाऱ्या रो-रो फेरीनं समोरच्या वैपीनला जा. जाळी त्या बाजूलाही आहेत.

डच पॅलेस : पोर्तुगीजांनी दिलेला, डचांनी दुरुस्त केलेला

मट्टनचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधला आणि कोचीचा राजा वीर केरळ वर्मा याला भेट दिला. पोर्तुगीजांनी जवळच्या एका देवळाची लूट केली होती, राजाची नाराजी दूर करण्यासाठी ही भेट दिली गेली, असं सांगितलं जातं. १६६३ नंतर डचांनी वाड्याची डागडुजी केली, आणि लोकांच्या तोंडी तो 'डच पॅलेस' झाला.

राजवाडा म्हटल्यावर म्हैसूर किंवा कोल्हापूरच्या न्यू पॅलेससारखा थाट डोळ्यांसमोर आणू नका. ही केरळी नालुकेट्टू पद्धतीची दोनमजली वास्तू आहे. म्हणजे आपल्या चौसोपी वाड्यासारखी, मध्ये चौक आणि चारही बाजूंनी खोल्या. चौकात राजघराण्याची कुलदेवता पळयन्नूर भगवतीचं देऊळ आहे. म्हणजे पोर्तुगीजांनी बांधून दिलेल्या वाड्याच्या मधोमध देवीचं देऊळ!

इथलं खरं वैभव भिंतींवर आहे. राजाच्या शयनगृहात रामायणातल्या प्रसंगांची भित्तिचित्रं आहेत. लाल, पिवळे, हिरवे रंग अजून टवटवीत आहेत आणि भिंतीवर रिकामी जागा शोधावी लागते, इतकी ती दाट आहेत. खालच्या मजल्यावर गोवर्धन उचलणारा कृष्ण दिसतो. वरच्या दालनांत कोचीच्या राजांची चित्रं, पालख्या, छत्रं आणि शस्त्रं मांडली आहेत.

१९५१ पासून ही संरक्षित वास्तू आहे. चित्रांचे फोटो काढायला मनाई असते. ती पाळा, कारण फ्लॅशच्या प्रकाशानं जुने रंग फिके पडतात.

ज्यू टाउन : दहा माणसांचा प्रश्न

राजवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर ज्यू टाउनची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना मसाल्याची गोदामं, जुन्या वस्तूंची दुकानं आणि गल्लीच्या शेवटी परदेशी सिनेगॉग. 'परदेशी' हा शब्द आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. स्पेन, पोर्तुगाल आणि इतर देशांतून छळामुळे पळून आलेल्या ज्यूंनी हे प्रार्थनास्थळ १५६८ मध्ये बांधलं. त्यासाठीची जागा कोचीच्या राजानं दिली, अगदी आपल्या वाड्याला लागून.

पण केरळातले ज्यू त्याआधीपासून इथे होते. साधारण इसवी सन १००० च्या सुमारास राजा भास्कर रविवर्मा यानं जोसेफ रब्बान या ज्यू प्रमुखाला ताम्रपटावर विशेष हक्क लिहून दिले होते. ते ताम्रपट हा या समाजाचा सर्वांत मोठा ठेवा मानला जातो.

सिनेगॉगमध्ये शिरल्यावर नजर आधी खाली जाते. जमिनीवर अठराव्या शतकात चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हातानं रंगवलेल्या फरशा आहेत. दोन फरशा एकसारख्या नाहीत असं गाइड सांगतात. वर बेल्जियन काचेची झुंबरं. बाहेर १७६० मधला घड्याळाचा मनोरा आहे, तो डच कंपनीचा बडा व्यापारी एझिकिएल राहाबी यानं बांधला. त्याच्या एका बाजूचे अंक हिब्रू आहेत.

या देखण्या इमारतीला एक कडू बाजूही आहे. परदेशी ज्यू स्वतःला स्थानिक मलबारी ज्यूंपेक्षा वरचे समजत. त्यांच्याकडच्या मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांना तर सिनेगॉगमध्ये बरोबरीनं बसायलाही मिळत नसे. विसाव्या शतकात ए. बी. सालेम या वकिलानं याविरुद्ध याच सिनेगॉगमध्ये सत्याग्रह केला. त्यांना 'ज्यू गांधी' म्हटलं जायचं.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढच्या काही वर्षांत कोचीचे बहुतेक ज्यू तिकडे गेले. ज्यू धर्मात सामूहिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात. १९६८ मध्ये सिनेगॉगचा चारशेवा वर्धापन दिन साजरा झाला, इंदिरा गांधी आल्या, टपाल तिकीट निघालं. पण गल्लीतली घरं एकेक करून रिकामी होत गेली. २०२४ मध्ये इथल्या परदेशी ज्यूंपैकी शेवटच्या स्त्रीचं निधन झालं. आज बाहेरून पाहुणे ज्यू आले तरच दहाची संख्या भरते. जिथे पर्यटकांची रांग लागते, तिथे प्रार्थनेला दहा माणसं मिळत नाहीत.

याच भागातलं कडवुंभागम सिनेगॉग परदेशी सिनेगॉगपेक्षाही जुनं, मलबारी ज्यूंचं. समाज निघून गेल्यावर ते गोदाम म्हणून वापरलं गेलं. त्याचं कोरीव लाकडी अंतरंग आता जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. इथे उरलेल्या इमारतीचा काही भाग सप्टेंबर २०१९ मध्ये पावसात कोसळला. एक सिनेगॉग तिकीट काढून बघण्याचं ठिकाण झालं, दुसरं ढासळलं. वारसा टिकवायला कोणीतरी लागतं, ते असं.

मराठी माणसाशी याचा काय संबंध?

दोन धागे आहेत, आणि दोन्ही पक्के आहेत.

पहिला धागा कोकणातला. अलिबाग-रेवदंडा भागातल्या बेने इस्रायली ज्यूंना आपण 'शनवार तेली' म्हणून ओळखतो, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत त्यांना ज्यू धर्मविधी आणि हिब्रू प्रार्थना शिकवायला जे शिक्षक आले, त्यांत कोचीच्या ज्यूंचा वाटा मोठा होता.

दुसरा धागा गोव्यातला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. त्या काळात अनेक गौड सारस्वत आणि इतर कोकणी कुटुंबं दक्षिणेला निघाली आणि त्यांतली बरीच कोचीत स्थायिक झाली. मट्टनचेरीत चेर्लाई भागातलं तिरुमल देवस्वम हे त्यांचं मोठं देवस्थान. आजही या भागात कोंकणी कानावर पडते.

याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याला केरळच्या वनस्पतींची माहिती मिळवून द्यायला मदत केली. मूळ ज्ञान इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचं. त्यातून 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. पहिल्या खंडात या तीन वैद्यांचं १६७५ मधलं प्रमाणपत्र आहे, कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर अवघ्या चार वर्षांनी आपली लिपी हॉलंडमध्ये छापली गेली, ती कोचीमुळे!

जायचं कधी, फिरायचं कसं?

ऋतू : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जूनपासून धो-धो पाऊस. ३१ डिसेंबरला कोचीन कार्निव्हलमध्ये 'पप्पांजी' म्हणजे म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळून नववर्षाचं स्वागत होतं. गर्दी प्रचंड असते.

वार : बरेच जण इथेच चुकतात. मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शनिवारी, शुक्रवारी दुपारनंतर आणि ज्यू सणांना बंद. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते. म्हणून सोमवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस निवडा. वेळा बदलू शकतात, निघण्याआधी तपासून घ्या.

पोहोचणं : मुंबई-कोकणातून नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलम जंक्शनला जाते. तिथून फोर्ट कोचीला रस्त्यानं जाता येतं, पण बोटीची मजा वेगळी. एर्नाकुलमच्या जेट्टीवरून सरकारी फेरी बोट मिळते. शिवाय हायकोर्ट टर्मिनलवरून वॉटर मेट्रोही आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली ही विजेवर चालणारी बोटसेवा वातानुकूलित आहे आणि तिकीट खिशाला परवडणारं.

क्रम : पहाटे जाळी बघा, तेव्हा उजेड चांगला आणि गर्दी कमी असते. मग सेंट फ्रान्सिस चर्च, डच दफनभूमी, बॅसिलिका हे सगळं पायी होतं. त्यानंतर रिक्षानं मट्टनचेरी गाठून राजवाडा, सिनेगॉग आणि मसाल्याच्या गल्ल्या. अगदी स्वस्तात सगळं फिरवतो म्हणणारी रिक्षा वाटेत दुकानांपुढे थांबणार, हे गृहीत धरा. नको असेल तर आधीच सांगा.

कपडे : चर्च आणि सिनेगॉगमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. केरळातल्या बऱ्याच मंदिरांत पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं.

एक दिवस जास्त असेल तर : उत्तरेकडचं परावूर आणि चेंदमंगलम इथली सिनेगॉग आता संग्रहालयं आहेत. तिथे गर्दी फार कमी असते. आणि कोची-मुझिरिस बिएनाले चालू असेल, तर फोर्ट कोचीतली जुनी गोदामं कलादालनं झालेली दिसतील. १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झालेलं हे प्रदर्शन उभं करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघंही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी.

कोचीला जाणाऱ्या ग्रुपमध्ये हा लेख नक्की पाठवा. निदान शुक्रवारी बंद राजवाड्यासमोर उभं राहायची वेळ तरी कोणावर येणार नाही. आणि 'डच पॅलेस' कोणी बांधला असं तिथे कोणी विचारलंच, तर उत्तर तुमच्याकडे तयार असेल.